यंत्र बदलले, पण आपले खाते बदलले का?

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून आम्ही चार शब्द बोलणार आहोत. आम्ही काही प्राध्यापक नाही. शाळा नववीपर्यंत झाली. पुढचे शिक्षण गिरणीत आणि गल्लीतल्या वाचनालयात झाले. समितीने आम्हाला विषय दिला, 'बदलते तंत्रज्ञान आणि आपला समाज'. विषय मोठा आहे, आमची झेप लहान आहे. म्हणून आम्ही आमच्या हातातल्या या वस्तूपासूनच सुरुवात करतो.

पुढे बसलेल्या मुलांनी ही वस्तू बघितली नसेल. हा धोटा. मागावर कापड विणताना आडवा धागा घेऊन जो इकडून तिकडे पळतो, तो हा. लाकडाचा आहे, दोन्ही टोकांना लोखंड आहे. याच्या पोटात धाग्याची कांडी बसते, आणि बाजूला हे बारीक भोक आहे त्यातून धागा बाहेर येतो. पूर्वी कांडी संपली की साचेवाला, म्हणजे माग चालवणारा कामगार, नवी कांडी घालायचा, या भोकाला तोंड लावायचा आणि श्वासाने धागा बाहेर ओढायचा. दिवसातून कितीतरी वेळा हेच. पाळी बदलली की दुसरा साचेवाला यायचा आणि त्याच धोट्याला तोंड लावायचा.

मित्रहो, एवढ्याशा भोकात आपल्या समाजाच्या दोन-तीन पिढ्यांची भाकरी अडकली होती असे सांगितले तर तुम्हाला खरे वाटणार नाही. पण तसेच झाले. महाराने तोंड लावलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा, असे सवर्ण कामगार म्हणत. जो आपल्याबरोबर एकाच मुकादमाच्या शिव्या खात होता, एकाच भोंग्याला उठत होता, तोच हे म्हणत होता. म्हणून साचा खाते आपल्याला बंद. आपली माणसे कुठे? तर रिंग खात्यात, ज्याला जुनी माणसे त्रासन म्हणायची. नाहीतर झाडूला, हमालीला. आणि साचेवाल्याचा पगार रिंगवाल्यापेक्षा पुष्कळ जास्त असे.

आमचे आजोबा रत्नागिरीकडून बोटीने मुंबईत आले. त्रासनात लागले आणि त्रासनातच म्हातारे झाले. वडीलही रिंगलाच. दिवसभर उभे राहून तुटलेले धागे सांधायचे, नाकातोंडात कापसाचे तूस जायचे. आजोबा सांगायचे, "गावात पाणवठा निराळा होता, हितं खातं निराळं." मुंबईला आल्यावर जात सुटली असे आपण म्हणतो. थोडी सुटली, हे खरं. पण गिरणीच्या दारातून आत जाताना ती आपल्याबरोबर आत गेली आणि आपल्या आधी जाऊन खात्याच्या दाराशी उभी राहिली.

आता प्रश्न असा की हा दोष कोणाचा? धोट्याचा का?

आम्हालाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. मग वाचनात आले की तोंड न लावता धागा ओवता येईल असा धोटा जगात फार आधीच निघाला होता. अमेरिकेत १८९५ च्या सुमारास नॉर्थ्रोप नावाचा माग बाजारात आला. त्यात कांडी आपोआप बदलायची आणि धागाही आपोआप ओवला जायचा. तिथल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तर १९११ साली तोंडाने ओढायच्या धोट्याला कायद्याने बंदी घातली, कारण त्यातून रोग पसरतात. म्हणजे यंत्र होते. पण इथे माणूस स्वस्त होता. स्वस्त माणूस मिळत असताना महाग यंत्र कोण आणील? मालकाने जुना धोटा ठेवला आपल्या फायद्यासाठी, आणि सवर्ण कामगाराने त्या धोट्याचा उपयोग केला आपली जागा राखण्यासाठी. एकाचा पैसा वाचला, दुसऱ्याचा मान आणि पगार. भरडले गेलो आपण.

१९२८ साली मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. त्या संपाचे कारणही कामाच्या नव्या पद्धतीतच होते. रिंगवाल्याने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, साचेवाल्याने दोनऐवजी तीन माग चालवावेत, अशी मालकांची योजना होती. म्हणजे माणसे कमी आणि काम तेवढेच. त्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारले की तुमच्या मागण्यांत आमच्या माणसांना साचा खात्यात घेण्याची मागणी कुठे आहे? ती नसेल तर आमच्या माणसांनी संपात का यावे? तेव्हा कुठे, नाराजीने का होईना, ती मागणी यादीत आली.

पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. रेल्वेतही आपला माणूस गँगमनच का राहतो, त्याला पोर्टरसुद्धा का करत नाहीत, याचा हिशोब त्यांनी मांडला. पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचे काम करावे लागे आणि घरात आपला माणूस चालत नसे, हे कारण होते. इंजिन विलायतेहून आले, रूळ विलायतेहून आले, पण त्यावर कोणी काय काम करायचे ते मात्र मनूचे जुने पुस्तक उघडून ठरवले गेले.

आणि तरीही बाबासाहेब यंत्राच्या विरोधात नव्हते, ही गोष्ट आजच्या दिवशी मुद्दाम लक्षात ठेवा. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधींवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी याचा विचार केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की दोष यंत्रात नसतो, यंत्राचा फायदा मूठभरांकडे जाऊ देणाऱ्या समाजरचनेत असतो. यंत्र माणसाला ढोरमेहनतीतून सोडवते, त्याला फुरसत देते, आणि फुरसत असेल तरच माणूस वाचेल, विचार करील, सुसंस्कृत होईल. चरखा घेऊन मागे जा, असे सांगणे त्यांना पटले नाही. कारण मागे गेलो तर आपल्या वाट्याला गावकीच येणार होती.

फुरसत हा शब्द जरा धरून ठेवा. आपण दर रविवारी या विहारात वंदनेला बसतो. हा रविवार आपल्याला कोणी दिला? १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे या महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्याने गिरणी कामगारांची चळवळ उभारली आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधी आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते. त्याच काळात आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणण्याचा कायदा पुढे आला, तो १९४६ साली झाला. या सुटलेल्या तासांत आपली माणसे काय करत होती? कोणी जलसे करत होते. भीमराव कर्डकांसारख्यांच्या जलशांनी बाबासाहेबांचे विचार अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत नेले. कोणी रात्रशाळेत जात होते. चाळीचाळीत वाचनालये निघाली. १९४६ साली बाबासाहेबांनी सिद्धार्थ कॉलेज काढले तेही नोकरी करणाऱ्याला शिकता यावे म्हणून सकाळचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण धम्म घेतला, त्यानंतर गल्लीगल्लीत विहारे उभी राहिली, ती पाळी सुटल्यावर श्रमदान करणाऱ्यांच्या हातांनी. आपले हे विहारसुद्धा तसेच उभे राहिले. ज्यांनी विटा वाहिल्या त्यांतली काही वृद्ध मंडळी आज समोर बसली आहेत. म्हणजे आपली संस्कृती आकाशातून पडलेली नाही. गिरणीचा पगार, बारमाही काम आणि हातात उरलेला वेळ यांवर ती उभी राहिली. भगवंतांचा प्रतीत्यसमुत्पाद हेच सांगतो की कारण असेल तर परिणाम होतो, कारण गेले की परिणामही जातो.

आता आमची गोष्ट सांगतो, कारण तीत आमची चूक आहे.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. तेव्हा आम्ही शाळकरी पोर होतो. वडील गावी जाऊन मजुरी करत, आई शेजारच्या इमारतींत धुणीभांडी करी. आमची शाळा त्यातच सुटली. संपाच्या काळात मालकांना कापडाची फारशी अडचण पडली नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर ते विणून मिळत होते. तिथे पगार कमी, तास जास्त, कायदा दूर. संप मागे घेतला असे कोणी कधी जाहीर केले नाही, तो तसाच विरून गेला. पुष्कळांना पुन्हा कामावर घेतलेच नाही.

वडील नशिबाने आत राहिले. १९८८ साली त्यांच्या जागी आम्ही बदलीवर लागलो, आणि आम्हाला साचा खाते मिळाले. पहिल्या दिवशी घरी आलो तर वडील उंबऱ्यातच बसले होते. त्यांनी पगार विचारला नाही, पाळी विचारली नाही. म्हणाले, "धोट्याला हात लावू दिला का रं?" आम्ही म्हणालो, "दादा, आता धागा हातानंच ओवतात, तोंड कोणी लावत नाही." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे होण्यासारखं होतं तर." हा धोटा आम्ही खात्यातून भंगारात निघाला तेव्हा मागून आणला, तो त्यांच्यासाठी. ते गेले तोवर बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलेला होता.

आम्हाला वाटले, जिंकलो. आजोबांना जे दार बंद होते त्यातून आपण आत आलो. पण, मित्रहो, आपण खात्यात शिरलो आणि खातेच गिरणीतून निघून चालले होते. जगात बिनधोट्याचे माग येऊन जुने झाले होते. गिरण्यांत नवी यंत्रे घालण्यापेक्षा गिरणीखालच्या जमिनीत जास्त पैसा दिसू लागला होता. १९९१ च्या नियमात जमिनीचे तीन वाटे होते, एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम असा बदलला की फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचेच वाटे होऊ लागले, आणि लोकांचे दोन वाटे आक्रसले. चिमण्या पडल्या, मॉल आणि काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. घरासाठी दीड लाखाहून जास्त गिरणी कामगार आणि वारसांनी अर्ज केले, त्यांतल्या थोड्यांनाच घर लागले. एका गिरणीची जमीन मात्र आपल्या डोळ्यांत पाणी आणते. दादरची इंदू मिल, चैत्यभूमीजवळची. तिथे ११ ऑक्टोबर २०१५ ला बाबासाहेबांच्या स्मारकाचे भूमिपूजन झाले.

आमची गिरणी रडतखडत चालली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीसाठी यंत्रे थांबली ती पुन्हा फिरली नाहीत.

आता चूक कोणती? २००७-०८ चा सुमार. आमची मुलगी दहावीला होती. शाळेतल्या बाईंनी सांगितले, हिचे गणित चांगले आहे, संगणकाच्या क्लासला घाला. फी आमच्या महिन्याच्या पगाराच्या निम्मी होती. त्याच वर्षी जयंतीच्या मिरवणुकीसाठी गल्लीने मोठी ध्वनियंत्रणा भाड्याने आणायची ठरवली आणि आम्ही, खजिनदार म्हणून, सर्वांत मोठी वर्गणी आपल्या नावावर लावली. मुलीला म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी तिचा धाकटा भाऊ आजारी पडला, मग राहूनच गेले. आज ती एका मोठ्या कंपनीच्या इमारतीत काम करते. साफसफाईच्या ठेक्यावर. ज्या संगणकांवर ती रोज फडके मारते, त्यांवर बसायची तिची लायकी होती. आम्ही आजोबांचे दार बंद करणाऱ्यांना आयुष्यभर बोल लावला, आणि लेकीचे दार आमच्याच हाताने लोटले. हे आम्ही आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतो आहोत. ती इथे बसली आहे. पोरी, आमचं चुकलं.

आमचा मुलगा मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोचवतो. आम्ही बदलीवर होतो तेव्हा सकाळी गेटवर उभे राहायचो, मुकादम बोट दाखवील तो आत. आता मुलाचा मुकादम मोबाइलच्या आत बसला आहे. तो दिसत नाही, त्याला चहा पाजता येत नाही, त्याच्याशी भांडताही येत नाही. आज किती कामे द्यायची, केव्हा आयडी बंद करायचा, तोच ठरवतो. आणि रविवारी ऑर्डरी जास्त, म्हणून रविवारी घरी बसणे परवडत नाही. समिती विचारते, तरुण मुले वंदनेला का येत नाहीत? श्रद्धा कमी झाली का? अहो, श्रद्धा आहे. १८९० साली मिळालेला रविवार त्यांच्या हातून गेला आहे.

म्हणून आमचे सांगणे एकच आहे. नवे यंत्र आले की ते चांगले का वाईट असे विचारू नका. यातले साचा खाते कोणते आणि रिंग खाते कोणते, आणि आपली मुले कोणत्या खात्यात उभी आहेत, ते विचारा. संगणकाच्या कंपनीतही रिंग खाते आहे. तिथे झाडणारा आहे, पहारेकरी आहे, चहा देणारा आहे, आणि हे सगळे ठेक्यावर. तिथे आता धोट्याचा विटाळ कोणी तोंडाने सांगत नाही. इंग्रजी येत नाही, ओळख नाही, अमुक कॉलेजचा नाही, असे सांगतात. गटाराचे उदाहरण घ्या. मॅनहोल साफ करणारे यंत्र निघाले आहे, केरळात २०१८ साली ते कामालाही लागले. माणसाला गटारात उतरवू नये असा २०१३ चा कायदा आहे. तरी माणसे उतरतात आणि गुदमरून मरतात. ती माणसे कोणत्या वस्तीतली असतात हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. यंत्र आहे, कायदा आहे, पण माणूस स्वस्त आहे. १९२८ चा धोटाच तो.

यंत्र अनित्य आहे. माग गेला, मोबाइलही जाईल, बुद्धीचे काम करणारी यंत्रे आली आहेत ती उद्या आणखी काही घेऊन जातील. जे यंत्र येईल त्याच्यामागे धावून आपली सुटका होणार नाही, आणि त्याला घाबरून कोपऱ्यात बसूनही होणार नाही. दार उघडले ते शिक्षणाने आणि संघटनेने. आम्ही साचा खात्यात गेलो तो धोटा बदलला म्हणून, हे अर्धे खरे. बाबासाहेबांनी साठ वर्षे आधी ती मागणी मांडून ठेवली होती म्हणून गेलो, हे पूर्ण खरे.

तेव्हा समितीपुढे तीन गोष्टी ठेवतो आणि आटोपतो.

पहिली. विहाराच्या शिलकीतून कमान बांधायची का वरच्या खोलीत अभ्यासिका करायची, असा वाद गेले वर्षभर चालला आहे. आमचे मत अभ्यासिकेला. चार संगणक, दिवा रात्री बारापर्यंत, आणि मुलींसाठी रांग आधी. कमानीसाठी आम्ही दिलेली वर्गणी अभ्यासिकेकडे वळवावी असे लेखी देत आहोत.

दुसरी. एक वही घाला. आपल्या वस्तीतला कोण मुलगा, कोण मुलगी कोणते काम करते, कायम का ठेक्यावर, फंड कापतात की नाही, सुट्टी आहे की नाही. जी मुले मोबाइलवरच्या कामात आहेत त्यांनी एकत्र यावे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची व्याख्या आली आहे, राजस्थानने २०२३ साली त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला. कायदा कागदावरून खाली उतरवायला संघटनाच लागते.

तिसरी. रविवारची वंदना रात्री साडेदहालाही एकदा ठेवावी. मुले येऊ शकत नसतील तर विहाराने आपली वेळ बदलावी. गिरणीने तीन पाळ्या केल्या, धम्माला दोन करायला काय हरकत आहे? भगवंतांनी सम्यक आजीविका सांगितली. ती मुलांना मिळवून देणे हे विहाराचेच काम आहे.

हा धोटा आम्ही आज विहाराला देत आहोत. तो पूजेसाठी ठेवू नका. अभ्यासिकेच्या टेबलावर ठेवा. मुलांनी विचारले, हे काय आहे, तर तुमच्यातल्या कोणी तरी त्यांना सांगा.

भवतु सब्ब मंगलम. जय भीम!